मुरू दे ना

भर गल्लीत, चार बायकांच्या देखत, माळवं विकायला येणाऱ्या बाईला "तुझं बी खोटं आहे" म्हणून फैलावर घेणारी मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला फार चांगली समजायला नको. माझी जीभ लहानपणापासून तिखट. लग्नाला सात वर्षं झाली होती, एका मुलीची आई झाले होते, तरी तिची धार काही बोथट झाली नव्हती. सोलापूरच्या उन्हात ती उलट जास्तच परजली गेली.

आम्ही त्याच वर्षी कोकणातून सोलापूरला आलो होतो. यांना इथल्या एका शाळेत मास्तरकी मिळाली होती. दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे भिंतीनं बंदिस्त केलेला पंधरा-वीस हात लांबीचा परस, अशी भाड्याची जागा होती. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की सगळी पेठ जागी व्हायची. एका बाजूला तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे माग खटखटायला लागायचे, दुसऱ्या बाजूला एक कानडी कुटुंब होतं, त्यांच्या बायका अंगण झाडायला बाहेर यायच्या. मला दोन्ही भाषांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची इच्छाही नव्हती. माझ्या लेखी हे गाव म्हणजे धूर, धूळ आणि मचूळ पाणी. माहेरी भाजी विकत आणणं कमीपणाचं वाटे. मागीलदारी गेलं की अळू, लाल माठ, पडवळ, हवं ते हाताशी असायचं. इथे मागीलदारी गेलं की काळी भेगाळलेली जमीन आणि भिंतीवर बसलेला सरडा.

इथली भाजी यांच्या हातून यायची. आठवड्याच्या बाजारातून हे थैली भरून आणत आणि तीत काय असे, तर दुध्या, बटाटे, कांदे आणि वांगी. सगळा टिकाऊ माल. पालेभाजी आणा म्हटलं की म्हणत, "अगं, घरी येईपर्यंत तिचं निर्माल्य होतं." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. बाजारात जुड्या येत त्या लांबून बैलगाडीतून, वर पाणी मारमारून जिवंत ठेवलेल्या. कुणाला फारसं वाईट वाटत नव्हतं. बटाट्याची भाजी सगळ्यांना आवडायची.

श्रावणात मुलीला गोवर आला. पाच वर्षांची होती. गोवर गेला, पण जाताना तिच्या अंगावरचं मांस घेऊन गेला. तिची तब्येत हळूहळू भरेल म्हणून मी धीर धरून होते.

भाद्रपदातली एक संध्याकाळ होती. दिवे लागायची वेळ अजून झाली नव्हती. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते आणि मला ताटातले खडे स्वच्छ दिसत होते, एवढा उजेड होता. गल्लीच्या मधोमध आमची मुलगी दोन्ही हात पुढे करून चाचपडत होती आणि बाकीची पोरं तिच्याभोवती टाळ्या वाजवत पळत होती. आंधळी कोशिंबीर चाललीय म्हणून मी हसले. मग माझ्या लक्षात आलं, की तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या. "रातांधळं आहे," ते म्हणाले. "गोवरानं अंगातला कस गेला. डोळे कोरडे पडायला लागलेत. आत्ताच सांभाळा. एकदा बुबुळावर फूल पडलं, की मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही." उपाय दोन सांगितले. रोज ताजा हिरवा पाला पोटात जाऊ दे, आणि हे माशाचं तेल. औषधाला कसलं आलंय सोवळं, असं म्हणून यांनी बाटली आणली. मीही हूं की चूं केलं नाही. पण चमचा तोंडाजवळ नेला की ती ओकायची, आणि नुसतं बूच उघडलं तरी घरातून पळून जायची. चार दिवसांत बाटली फळीवर मागे गेली.

राहिला पाला. फूल या शब्दाची मला इतकी धास्ती बसली, की देवाला मी फुलांऐवजी नुसती तुळस वाहायला लागले. हे मी कुणालाही सांगितलं नाही. मुलीची जात. तिच्या डोळ्यांत काही आहे असं पेठेत झालं, की उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कुणीतरी ते बरोबर आठवून सांगणार. तेव्हा गल्लीतल्या बायकांना मी सांगितलं, की गोवरानंतर पोर जरा भित्री झालीय, तिन्हीसांजेला बाहेर पाठवत नाही. यांनाही तशी ताकीद देऊन ठेवली.

आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दिवशी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन यायची. चाळिशीची असेल, अंगावर विटकं इरकली लुगडं, कपाळभर विभूती. अक्कलकोटच्या रस्त्यावर कुठेतरी तिची विहिरीखालची थोडी जमीन होती आणि तिचं माळवं पहाटे तोडलेलं असायचं. माळवं म्हणजे भाजीपाला, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मेथीची पानं अजून दवानं ओली असायची. पण त्या वर्षी विहिरीलाच पाणी कमी, म्हणून पाटीत पालेभाजीच्या जेमतेम पाचसहा पेंढ्या. ती गल्लीच्या तोंडाशी पाटी उतरवायची आणि मी पदर सावरून तिथे पोचेपर्यंत पेंढ्या संपलेल्या असायच्या. पोरीच्या डोळ्यांची गोष्ट आणि इकडे कुणाच्या तरी नवऱ्याला मेथीचं पिठलं आवडतं म्हणून मेथी गायब. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत घरी परतायची.

शेवटी मी ठरवलं, की आपणच लावायचं. कोकणातली मुलगी, मला कुणी भाजी लावायला शिकवायची गरज नव्हती. परसातली जागा खणली, दोन वाफे केले, आदल्या दिवशी पाणी सोडून भिजवले आणि त्या बाईकडे बी मागितलं. ती पाटी ओट्यावर ठेवून मागे आली. वाफ्यातली माती मुठीत दाबून पाहिली, पसंतीची मान हलवली आणि पुढच्या खेपेला आठवणीनं मेथीचं बी घेऊन आली. पैसे देऊ केले तर तिनं हात मागे घेतला. मग वाफ्याकडे बोट करून म्हणाली, "मूर दिना नीर हाकब्याड्री, अक्का." आणि तळहात आडवा करून वाफ्यावरून दोनतीनदा इकडून तिकडे फिरवला.

तिला बाजारापुरतं मराठी येत होतं, पण मातीविषयी बोलायला लागली की कानडीत शिरायची. तरी यात न कळण्यासारखं काय होतं? नीर म्हणजे पाणी, हे तर पोथ्यांतसुद्धा असतं. हाक म्हणजे घाल, हे मी नळावर ऐकलं होतं. शेजारीण घागर पुढे करून मुलीला "नीर हाक" म्हणायची. आणि "मूर दिना" म्हणजे तर चक्क मराठी, "मुरू दे ना!" राहिलं शेपटाकडचं "ब्याड्री". ते आपल्या "बरं का बाई"सारखं काहीतरी मायेचं असणार, असं मी ठरवून टाकलं. हाताची खूण तर उघडच होती, सगळीकडे सारखं शिंपड. एकूण उपदेश काय, तर पाणी घाल, चांगलं मुरू दे. आमच्याकडे तरी दुसरं काय करतात?

मी पाणी घातलं. सकाळी आंघोळीचं, दुपारी भांड्यांचं, संध्याकाळी शेजारच्या आडातून शेंदून आणलेलं. काळी माती पाणी पीत राहिली आणि मी पाजत राहिले. आठ दिवसांत वाफ्याला वास यायला लागला. उकरून पाहिलं तर बी फुगून, काळं पडून कुजलेलं. बाईनं न कुरकुरता पुन्हा बी दिलं, या खेपेला थोडा राजगिराही दिला, आणि पुन्हा तेच, "मूर दिना नीर हाकब्याड्री." मला वाटलं, गेल्या खेपेला पाणीच कमी पडलं असणार. म्हणून दोन घागरी वाढवल्या. चार पिवळी रोपं वर आली आणि आडवी झाली. हे शाळेतून आले की परसात डोकावत. एकदा म्हणाले, "तू बी पेरतेस की विसर्जन करतेस?" मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या खेपेला काहीच उगवलं नाही. तोवर कार्तिक उजाडला होता. मुलगी आता ऊन उतरलं की कोपरा धरून बसायची. भिंतीला हात लावल्याशिवाय न्हाणीपर्यंत जायची नाही. त्या सकाळी तिचे डोळे चोळून लाल झाले होते आणि डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात मला काहीतरी खरखरीत, कोरडं दिसलं. फूल म्हणतात ते हेच का, हे मला माहीत नव्हतं. मी सुन्न होऊन ओट्यावर आले आणि नेमकी ती बाई पाटी घेऊन समोर उभी, नेहमीसारखी हसत.

माझा तोल गेला. "तीन वेळा बी दिलंस, एक दाणा उगवला नाही! कुजकं, जुनं बी लोकांच्या गळ्यात मारतेस आणि वर फुकटचा आव आणतेस? बीही खोटं आणि तूही खोटी!" भोवती बायका जमल्या. तिला सगळे शब्द कळले असतील नसतील, "खोटं बी" एवढं मात्र नक्की कळलं. तिचं हसू गेलं. पाटीतली एक पेंढी तिनं माझ्या ओट्यावर ठेवली, पाटी स्वतःच उचलून डोक्यावर घेतली आणि गेली. त्यानंतर ती गल्लीत आलीच नाही. चारपाच दिवसांतच सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मी नळ तोडला होता.

ती ठेवून गेलेली मेथी मी त्याच दिवशी शिजवली. दोन्ही वेळा पुरावी म्हणून बाजारातलाही थोडा सुकलेला पाला त्यात घातला आणि मुलीला समोर बसवलं. तिनं पहिला घास थुंकला. मी दुसरा भरवायला गेले तशी तिनं तळहात आडवा करून ताटावरून जोरजोरात फिरवला आणि ओरडली, "ब्याड! ब्याड!"

माझा हात तिथेच थांबला. मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"ब्याड."

"म्हणजे काय गं?"

"नको," ती रडत म्हणाली. "शेजारच्या सगळ्या मुली असंच म्हणतात. नको असलं की ब्याड."

मी ताट बाजूला सारलं. "आणि हाकब्याड?"

"घालू नको."

मला खरं तर पुढचं विचारायचं धैर्य नव्हतं. तरी विचारलं, "आणि मूर?"

तिनं डोळे पुसले आणि सागरगोटे खेळताना मोजतात तसं बोटांवर मोजून दाखवलं. "ओंद, एरड, मूर." तीन बोटं माझ्यासमोर धरली.

तीन दिवस पाणी घालू नका, अक्का. तीन महिने ती बाई मला हेच सांगत होती. हात हलवून, तोंडानं सांगून, दर वेळी नव्यानं बी देऊन. आणि मी तिच्या "नको"ला माया समजून घागरी ओतत होते. संध्याकाळी हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. हे हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "चूक कळली, आता पाय उचल."

पाय उचलायचे तर कुठे, हे कळायला शेजारणीला विचारावं लागलं. पाच महिन्यांत मी पहिल्यांदा तिच्या दारात गेले. तिला ती बाई ठाऊक होती, शेतही ठाऊक होतं. मी तिला विचारलं, "माझी चूक झाली हे कानडीत कसं म्हणायचं?" तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग हसून सांगितलं, "नंद तप्पात्री." रविवारी आम्ही तिघांनी टांगा केला. अक्कलकोटच्या रस्त्यानं दोन कोस जाईपर्यंत मी तेवढे दोन शब्द घोकत होते. "मास्तरीणबाई, परीक्षा आहे वाटतं?" हे म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, कारण मध्ये बोलले असते तर विसरले असते.

टांगा सोडून बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, पाऊस कमी म्हणून बुटकी, तरी कणसं धरलेली. पुढे विहीर. मोट चालू होती आणि तिचं पाणी पाटानं वाफ्यांकडे येत होतं. एवढंसं पाणी, पण त्याच्या काठानं काय नव्हतं! मेथी, चाकवत, आंबट चुका, कांद्याची पात, कोवळा हरभरा, बांधाला अंबाडी. इतकं हिरवं मी सोलापुरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. गावापासून दोन कोसांवर हे सगळं होतं आणि मी पाच महिने धुराला नावं ठेवत बसले होते. मला लाज वाटली.

ती वाफ्यात बसून तण काढत होती. आम्हाला पाहून उठली, हात लुगड्याला पुसले आणि तिथेच उभी राहिली. मी पुढे झाले आणि घोकलेलं म्हटलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "काय म्हनलासा?"

मी पुन्हा म्हटलं, जास्त जोरात. तिला काही कळेना. तेव्हा माझी मुलगी माझ्या मागून पुढे आली आणि तिनं तेच दोन शब्द असे स्वच्छ म्हटले, की त्या बाईला हसू फुटलं. मग ते हसू आवरून ती मराठीत सावकाश म्हणाली, "बी खोटं न्हाय बाई. आमी बी इकत न्हाय. माज्या आईच्या शेतातलं हाय ते. लेकीला देतो, सुनंला देतो. तुमी मागितलासा, म्हून दिलं की."

मी विकत घ्यायच्या मालाला नावं ठेवली असं समजत होते, आणि तिनं मला दिलं होतं ते लेकीबाळींना द्यायचं बी. तिच्यापुढे मी पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं. गोवर, तिन्हीसांजा, फूल, सगळं. तिनं मुलीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, दोन्ही डोळे निरखून पाहिले आणि माझ्यावर खेकसली. माझ्यावर अशी कुणी खेकसल्याला बरीच वर्षं झाली होती.

"आदी का न्हाय सांगितलासा? एक पेंडी काय, रोज बाजूला ठिवली असती की! कुनाला सांगायचं न्हाय, तर मला सांगायचं हुतं. मी कुटं सोयरीक करायला आले?"

बोलणं अगदी वर्मी लागलं. पाच शब्द सांगितले असते तर पोरीला तीन महिने ताजी भाजी मिळाली असती. अब्रू सांभाळताना मी तिचे डोळे पणाला लावले होते, आणि दोष दिला बियाला.

तोवर मुलगी वाफ्यात उतरली होती. शिजवलेल्या पाल्याचा घास थुंकणारी माझी पोर त्या बाईच्या मागे मागे फिरत होती, आणि बाई खुडून देईल ते शेळीसारखी कचाकचा खात होती. हरभऱ्याचे आंबट शेंडे, मेथीची कोवळी पानं, आणि पाथरी नावाची जमिनीलगत पसरलेली एक रानभाजी. इकडे हा पाला कच्चाच खातात, भाकरीबरोबर, हे मला ठाऊकच नव्हतं. मी तो शिजवून शिजवून त्याचा चोथा करत होते. मग बाईनं झाडाखाली फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि वर ओंजळभर पाला. तिनं मुलीच्या हातावर चतकोर ठेवला. आमच्या घरच्या रीतीनं परक्या हातची भाकरी चालत नव्हती. मी यांच्याकडे पाहिलं. हे अचानक मोटेच्या बैलांकडे फार लक्ष देऊन बघायला लागले. मुलीनं तोवर घास घेतलाही होता. मग मीही तिथे बसले आणि खाल्ली. इतकी गोड भाकरी मी त्याआधी खाल्ली नव्हती, आणि हे माझ्या सासरी कुणाला कळू नये याची काळजी मी पुढे पुष्कळ वर्षं घेतली.

निघायच्या आधी तिनं मला वाफ्याकाठी बसवलं. माती मुठीत दाबून तिचा गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा पडून फुटला. "ह्यो वापसा," ती म्हणाली. वाफसा म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, पेरायला तयार झाली ती वेळ. तिनं बी पेरून दाखवलं, माती हातानं सारखी केली आणि माझ्याकडे बघून तीन बोटं वर केली. मी म्हटलं, "नीर हाकब्याड." ती इतकी हसली, की खोकला लागला. चौथ्या खेपेचं बी तिनं माझ्या पदराच्या टोकाला स्वतः गाठ मारून बांधलं.

ती पुन्हा गल्लीत यायला लागली. आमची पेंढी पाटीच्या तळाशी ओल्या फडक्यात वेगळी बांधलेली असायची आणि गल्लीत कुणी विचारलं तर ती ठोकून द्यायची, "ती इकलेली हाय." परसात मी वाफसा बघून पेरलं आणि पाण्याला हात लावला नाही. ते तीन दिवस मला फार जड गेले. दिवसातून दहादा घागर उचलायची आणि खाली ठेवायची. चौथ्या दिवशी सकाळी मातीला बारीक तडे गेले होते आणि त्या तड्यांतून मेथी डोकं वर काढत होती. मी यांना हाक मारून दाखवलं. "विसर्जन रद्द झालं म्हणायचं," हे म्हणाले.

मुलगी रोज दोन वेळा पाला खायची, भाकरी आणि चटणीशी. पंधरा दिवस गेले, वीस गेले. डोळ्यांची लाली उतरली, पण संध्याकाळ झाली की ती तशीच भिंत धरून चालायची. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. रोज ऊन कललं, की मी तिच्यापुढे काहीतरी धरून विचारायची, हे काय आहे, आणि ती चाचपून सांगायची. मग मी विचारणंच सोडून दिलं. तिला दिसत नाही हे दर संध्याकाळी नव्यानं ऐकायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पौषातल्या एका संध्याकाळी मी परसात मेथी खुडत होते. सूर्य मावळून गेला होता आणि भिंतीचा रंग कळेनासा झाला होता. मुलगी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, माझ्यापासून आठदहा हातांवर. त्या दिवसांत मला एक सवय लागली होती. दिवसभर मी घरात कुणासमोर रडायची नाही, आणि ही वेळ झाली की रडायची, तोंडावर पदरसुद्धा न घेता, कारण समोर फक्त ती असायची. आवाज तेवढा होऊ द्यायचा नाही. तशीच त्या दिवशीही मी गुपचूप रडत होते आणि पानं खुडत होते.

"आई, रडतेस का गं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "छे गं. कांदा चिरतेय."

ती उंबऱ्यावरूनच जरा पुढे वाकली. मग म्हणाली, "खोटं. कांदा कुठंय? तुझ्या हातात तर मेथी आहे."